सक्तीचा शोक आणि मनाईचा शोक : पंढरपूरच्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा इतिहास

घरात मृत्यू आला म्हणजे शोक कोणी करावा, किती दिवस करावा आणि कोणत्या चिन्हांनी तो प्रकट करावा, याचा निवाडा महाराष्ट्रीय समाजाने फार पूर्वीच करून ठेवलेला आहे. सपिंडांना दहा दिवसांचे सुतक, लग्न होऊन परघरी गेलेल्या लेकीला आईबापांचे तीन दिवसांचे, त्याहून दूरच्यांना नुसते स्नान. दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणे, तेराव्याला गोडाचा घास, आणि मग सोयऱ्यांनी नवे वस्त्र देऊन दुखवटा काढणे, हा सारा क्रम ठरलेला आहे. ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरी शेजारणीने पिठलेभात नेऊन द्यावा, गावातल्या माणसांनी समाचाराला जाऊन काही न बोलता घटकाभर बसावे, हेही त्यातच येते. या व्यवस्थेकडे निव्वळ कर्मकांड म्हणून पाहणे अन्यायाचे होईल; कारण शोक एकट्याने पेलत नाही, त्याला साक्षीदार लागतो, ही माणसाच्या मनाची गरज ओळखूनच ती घडलेली आहे. परंतु अमक्याने शोक करावा असे ज्या समाजाने ठरविले, त्याच समाजाने तमक्याने तो करू नये असेही, न बोलता, ठरवून टाकले. सुतकाच्या नात्यांत ज्यांचे नाते बसत नव्हते, त्यांच्या दुःखाला दिवसही नव्हता आणि दारात येऊन बसणारे माणूसही नव्हते.

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर या क्षेत्री १८७५ साली निघालेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा इतिहास या दृष्टीने पाहिला म्हणजे तो एका धर्मादाय संस्थेपुरता राहत नाही. समाजसुधारणेच्या ग्रंथांतून या गृहाचा उल्लेख बहुधा एका ओळीत येतो आणि तेथे वाचलेल्या बालकांबद्दल संस्थापकांना धन्यवाद देऊन लेखक पुढे जातो. ते धन्यवाद यथार्थच आहेत. परंतु त्या घराच्या उंबऱ्यातून ज्या स्त्रिया रित्या हातांनी बाहेर पडल्या, त्यांचाही एक इतिहास आहे. आणि एकाच स्त्रीवर एका शोकाची आयुष्यभर सक्ती व दुसऱ्या शोकाची एका दिवसापुरतीही मनाई, असा तो विलक्षण इतिहास आहे.

प्रथम सक्तीचा शोक पाहू. एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण व तत्सम जातींच्या घरांत मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई, आणि पटकी, देवी किंवा साध्या तापाने नवरा गेला म्हणजे ज्या पुरुषाशी तिने कदाचित चार वाक्येही बोललेली नसत, त्याच्या मृत्यूचे चिन्ह तिला मरेपर्यंत अंगावर वागवावे लागे. कुंकू पुसले जाई, बांगड्या फुटत, मंगळसूत्र तुटे, आणि वयात येताच न्हाव्यापुढे बसून केशवपन करून घ्यावे लागे. पुढे आलवणाचे लाल जाडेभरडे लुगडे, एकभुक्त, भुईवरची पथारी आणि शुभकार्यात माजघराच्या पलीकडे बसणे. पत्रावर तिच्या नावामागे गंगाभागीरथी असे लिहिले जाई, आणि सकाळी कामाला निघालेला माणूस तिची गाठ पडली तर पाऊल मागे घेई. शोक हा येथे मनाचा व्यापार राहिलाच नव्हता. तो एक दंड होता, आणि तो भरून झाला असे कधीही म्हणता येत नसे. पती गेल्याचे तिला खरोखर काय वाटले, हे मात्र या सगळ्या विधींत कोणी विचारल्याचे आढळत नाही. शोकाची वर्दी सक्तीने अंगावर चढविली की आतल्या माणसाची विचारपूस करण्याचे कारणच समाजाला उरत नाही.

अशी ही तरुण स्त्री ज्या एकत्र कुटुंबात राबे, त्याच कुटुंबातला दीर, चुलतसासरा, घरी येणारा शास्त्री किंवा आश्रित तिच्या असहायतेचा फायदा घेई, आणि पुरुषाचे नाव बाहेर न येता तिचा मात्र सर्वनाश होई. दिवस गेल्याचे उघडकीस आले म्हणजे पहिला उपाय जडीबुटीचा. तो साधला नाही तर कुटुंबाच्या अब्रूसाठी तिला जातीबाहेर टाकण्यापर्यंत मजल जाई, आणि पतितासाठी शास्त्राने सांगितलेला घटविधी, म्हणजे पाण्याने भरलेला घट लवंडून जिवंत माणसाचे उत्तरकार्य करण्याचा प्रकार, तिच्या वाट्याला येऊ शके. शोकाचे विधी किती यांत्रिक होऊ शकतात याचे याहून दारुण उदाहरण शोधून सापडणार नाही. जिवंत मुलीसाठी तिलांजली देणारे हात तिच्या मेलेल्या मुलासाठी मूठभर माती टाकायला मात्र पुढे होत नसत.

मुळात तान्ह्या मुलाच्या मृत्यूला शास्त्राने फारशी जागा दिलेलीच नव्हती. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे दोन वर्षांच्या आतील बालकाला अग्नी नाही, त्याला पुरावे, त्याला तिलोदक नाही. आणि दात येण्यापूर्वी मूल गेले तर अशौच तत्काळ फिटते. बालमृत्यू घरोघरी होत असलेल्या काळात हा नियम व्यवहाराच्या सोयीचा असेल. पण सवाष्ण आईलासुद्धा जेथे लेकराच्या मृत्यूचा एक दिवसही पुरता मिळत नव्हता, तेथे विधवा आईला तो कोठून मिळावा? जे मूल जन्मलेच नाही असे सर्वांनी ठरविलेले, त्याचा मृत्यू झाला असे तरी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

या सामाजिक पेचावर सरकारी कायद्याने आणखी एक पेच बसविला. १८६० चा भारतीय दंडविधान कायदा १८६२ पासून अंमलात आला. त्यात बालहत्या हा खून होताच. शिवाय ३१७ व्या कलमाने बारा वर्षांखालील मुलाला उघड्यावर टाकून जाणाऱ्या आईबापाला सात वर्षांपर्यंत कैद, आणि ३१८ व्या कलमाने, मूल जन्मापूर्वी, जन्मताना वा जन्मानंतर मेलेले असो, त्याचे प्रेत गुप्तपणे पुरून जन्म लपविणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरविली गेली. कायद्याचा हेतू अर्भकांच्या रक्षणाचा होता, यात संशय नाही. परंतु एखाद्या विधवेचे मूल आपसूक मृत जन्मले, तर तिने काय करावे? उघडपणे पुरावे तर घरदार, जात, गाव सुटते. गुपचूप पुरावे तर पोलीस पाटलाची वर्दी, फौजदाराचा पंचनामा आणि तुरुंग. समाजाच्या नियमाने उघडा शोक गुन्हा ठरला आणि सरकारच्या नियमाने लपविलेला शोक गुन्हा ठरला. ३१८ व्या कलमातील हीच तरतूद थोड्या फरकाने आजच्या भारतीय न्याय संहितेतही आहे.

या कोंडीत सापडलेल्या एका स्त्रीची हकीकत महात्मा जोतीराव फुले यांनी नोंदवून ठेवली आहे, म्हणूनच ती आपणास ठाऊक आहे. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसविले, दिवस राहिले, गर्भ पाडण्याचे सर्व उपाय हरले, आणि जन्मलेल्या मुलाला मारून तिने ते विहिरीत टाकले. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही १८६३ ची गोष्ट. त्याच साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या खुशीवर राहील, अशा आशयाची जाहिरात शहरात लावली. ज्या स्त्रीला आपल्या शरीरावर, केसांवर, जेवणावर कशावरही अधिकार नव्हता, तिला मुलाविषयीची इच्छा या गृहाने विचारली. तिच्या आईपणाला मिळालेली ती बहुधा पहिली मान्यता होय.

बेहरामजी मलबारी यांच्या सक्तीच्या वैधव्याविषयीच्या टिपणावर ४ डिसेंबर १८८४ रोजी दिलेल्या अभिप्रायात जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला आहे. तोवर ३५ गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली आणि तीस दगावली. गर्भ लपविण्यासाठी आईने आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांना पोटातच इजा झाली होती, असे कारण जोतीरावांनी दिले आहे. जगलेल्या मुलांपैकी एकाला, यशवंताला, फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या त्या त्याच्याच दवाखान्याच्या कामात. यशवंताची कथा प्रसिद्ध आहे व ती तशी असावीही. पण हा आकडा वाचताना त्या तीस मातांपाशी थांबले पाहिजे. ज्या औषधाने आपले मूल गेले ते आपणच घेतले होते, हे प्रत्येकीला ठाऊक होते; ते कोणी घ्यायला लावले, हेही ठाऊक होते; आणि दोन्हींपैकी एकही गोष्ट ती पुढे आयुष्यात कोणाजवळ बोलू शकणार नव्हती. अपराधाचे शल्य आणि वियोगाचे दुःख ज्या शोकात एकत्र येतात, तो सर्वांत जड. आणि तोच सर्वांत मुका ठेवण्याची आज्ञा होती.

काशीबाईसारख्या स्त्रिया पुण्यातच होत्या असे नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस १८८१ मध्ये बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व अपिलात ती काळ्या पाण्यावर आली; वर्तमानपत्रांनी त्यावरून स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्याने व्यथित होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध झाला होता आणि विष्णुशास्त्री पंडितांसारख्यांनी त्यासाठी बहिष्कार सोसला होता. तथापि कायदा झाला म्हणून कोणा सनातनी घरातील मुलगी पुन्हा बोहल्यावर चढत नव्हती. तिच्यापुढे वाट राहिली होती ती तीर्थयात्रेची.

ही वाट पंढरपुराकडे का वळली, हे समजण्यास त्या क्षेत्राची रचना ध्यानात घ्यावी लागते. पूर्वी सातारा जिल्ह्यात असलेला पंढरपूर तालुका १८७१ च्या पुनर्रचनेत सोलापूर जिल्ह्याला जोडला गेला. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांना येथे सगळ्या महाराष्ट्रातून, कर्नाटकातून माणूस लोटते; बडवे, उत्पात आणि क्षेत्रोपाध्ये यांच्या वाड्यांतून यात्रेकरूंची उतरण्याची सोय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली; आणि विठ्ठलाच्या पायाशी उरलेले आयुष्य काढावे म्हणून आलेल्या विधवांचा राबता तर बाराही महिने. अशा गावात आणखी एका परक्या स्त्रीकडे कोणी वळून पाहत नाही. १८६० पर्यंत लोहमार्ग पुण्याहून सोलापुरापर्यंत आलेला होता. ज्या कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत, तेथे उतरून बैलगाडीच्या वाटेने पंढरपूर गाठता येई. विधवेने पंढरीला जाणे हे पुण्यकर्म, त्यात शंकेला जागा नाही. म्हणून दिवस भरत आलेल्या सुनेला किंवा लेकीला यात्रेच्या मिषाने येथे आणणे कुटुंबांना सोयीचे वाटे. मग कोणी तिला तेथेच सोडून जाई, कोणी बाळंत होईपर्यंत थांबे. आणि जन्मलेल्या जिवाचे काय होई, ते चंद्रभागेला ठाऊक.

त्या वेळी पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ सबजज्ज म्हणून होते. न्यायासनावर बसणाऱ्या माणसाला असा गुन्हा कागदावर दिसतो तो सरतेशेवटी. त्याच्या आधीची सारी वाट ज्याला दिसते तो न्यायाधीश विरळा. लालशंकरांना ती दिसली. १८७५ मध्ये त्यांनी पंढरपुरास अशा स्त्रियांसाठी व त्यांच्या बालकांसाठी गृह उघडले, आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाने, जो १८६७ मध्ये स्थापन झाला होता व ज्यात आत्माराम पांडुरंग, भांडारकर, रानडे यांच्यासारखी माणसे होती, त्याचा भार उचलला. लगेच पुढल्या वर्षी दख्खनचा मोठा दुष्काळ सुरू झाला. सोलापूर जिल्ह्याला त्याचा जबर तडाखा बसला. १८८१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या गणतीपेक्षा घटलेली दिसते. टाकलेल्या मुलांच्या जोडीला पोरकी झालेली मुले आली आणि गृहाचे रूप अनाथाश्रमाचेही झाले. लालशंकर पुढे गुजरातेत गेले व तेथेही त्यांनी समाजसुधारणेचे कार्य चालू ठेवले. पंढरपूरच्या आश्रमास कालांतराने प्रार्थना समाजाचे एक आद्य सभासद वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव देण्यात आले, आणि नवरंगे बालकाश्रम या नावाने तो तेथे प्रसिद्ध आहे.

क्षेत्राच्या ठिकाणी असे गृह काढणे म्हणजे अनीतीला उत्तेजन देणे होय, हा आक्षेप अशा सर्व संस्थांना ऐकावा लागला. त्याला उत्तर म्हणून या संस्थांनी जी गोष्ट पुढे केली, ती अर्थातच वाचलेल्या जिवांची. निष्पाप अर्भकाचा प्राण वाचतो, आईचा गळा फासातून सुटतो, कुटुंबाची अब्रू राहते, आणि सरकारला एक खटला कमी होतो. या चार लाभांपुढे सनातन्यांनाही गप्प बसावे लागे. या युक्तिवादात आईच्या दुःखाचे कलम नव्हते, आणि त्या काळी ते असणे शक्यही नव्हते. गुप्तता हाच अशा गृहांचा पाया होता. नाव, गाव, कुळ कोणाला कळणार नाही हा भरवसा असल्याशिवाय एकही स्त्री त्या दारात उभी राहिली नसती. पण तोच भरवसा तिला बाहेर पडताना मुकी करीत असे. संस्थेने तिचा प्राण राखला, तिचे गुपित राखले, आणि त्या गुपिताबरोबर तिचा शोकही कुलूपबंद झाला. यात संस्थापकांचा दोष काढणे कृतघ्नपणाचे ठरेल. समाजाने जी किंमत मागितली ती त्यांनी मोजली. परंतु ती किंमत प्रत्यक्षात कोणी भरली, हे सांगणे इतिहासकाराचे काम आहे.

ती स्त्री घरी परतत असे तेव्हाचा प्रसंग आपल्या रीतिरिवाजांच्या आधारे सहज उभा करता येतो. सुईणीच्या हातचे शेकणे, बाजेखालची शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पाचव्या दिवशी सटवीची पूजा, बाराव्या दिवशी पाळण्याला बांधलेले घुंगरू, यांपैकी काहीही तिच्या वाट्याला आलेले नसे. ओल्या बाळंतिणीचे शरीर मात्र कोणाच्या अब्रूसाठी थांबत नाही. पान्हा फुटतो, तो लुगड्याच्या पदराखाली घट्ट बांधून दडपावा लागतो, ताप येतो, आणि ताप कशाचा हे सांगता येत नाही. अशा अवस्थेत ती बैलगाडीतून, आगगाडीतून गावी येई. हातात बुक्का, तुळशीची माळ, चुरमुरे-बत्ताश्यांचा प्रसाद. पंढरीहून आलेल्याच्या पाया पडण्याची आपली रीत आहे आणि ऐपतीच्या घरी मावंदेही घालतात. शेजारीपाजारी तिला विचारीत, दर्शन कसे झाले. ती काय सांगत असेल? ज्या प्रवासात तिने सर्वस्व टाकले, त्याबद्दल तिला पुण्यवान म्हटले जाई, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा सोवळ्याने चुलीपुढे बसे. पुढे कोणत्याही बारशाला तिला बोलावणे नसे, कारण विधवेची सावली पाळण्यावर पडू द्यायची नाही. तेव्हा दूर बसून पाळण्याची गाणी ऐकताना तिच्या मनात कोणते वर्ष, कोणता महिना मोजला जात असेल, हे तिच्या शेजारी बसलेल्या बाईलाही कळत नव्हते.

पाश्चात्य देशांतही अनौरस मुलांच्या मातांची स्थिती फारशी सुखाची नव्हती, तरी एका बाबतीत तेथील इतिहास आपल्याहून बोलका आहे. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलात १७४१ पासून मुले घेतली जाऊ लागली, तेव्हा पुढे कधी मूल परत न्यायला आल्यास ओळख पटावी म्हणून प्रत्येक मुलाबरोबर एखादी खूण ठेवण्याची पद्धत होती. कोणी नाणे ठेवले, कोणी फितीचा तुकडा, कोणी आपल्या झग्याचे वा बाळाच्या अंगरख्याचे कापड. आणि कचेरीतील कारकुनाने ते मुलाच्या कागदाला टाचून ठेवले. पाच हजारांहून अधिक कापडांचे तुकडे त्या दप्तरात आजही शाबूत आहेत. त्या मातांपैकी फारच थोड्या परत येऊ शकल्या. पण कारकुनी शिरस्त्याच्या कृपेने का होईना, त्यांच्या मायेचा पुरावा राहिला. फ्लॉरेन्सच्या इनोचेंती या पुरातन बालगृहात मूल कोणाच्या नजरेस न पडता आत सरकविण्याचे जे फिरते चक्र होते, ते १८७५ मध्येच, म्हणजे पंढरपूरचे गृह उघडले त्याच वर्षी, बंद झाले. आपल्याकडच्या विधवेला मात्र खूण ठेवणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष ठेवणे होते. तिने आपल्या आलवणाचा तुकडा बाळाच्या दुपट्यात बांधला असता, तर तो लाल रंगच तिची सारी कहाणी सांगून गेला असता.

मग हा शोक गेला कोठे? तो नाहीसा झाला असेल, असे मानवी मनाची थोडीही ओळख असलेला कोणी म्हणणार नाही. त्याला जी काही वाट मिळाली असेल, ती त्याच पंढरपुराने दिली असावी, असे मला वाटते. वारकरी संप्रदायाने विठ्ठलाला माउली केले, आणि जनाबाईसारख्या दासीला त्याच्याशी लेकराप्रमाणे भांडण्याचा, रडण्याचा अधिकार दिला. गोपाळपुरास आजही तिचे जाते भाविकांना दाखविले जाते. कीर्तनात डोळ्यांना पदर लावलेल्या बाईला कोणी कारण विचारीत नाही. तिचे रडणे भक्तीत जमा होते. जात्यावर तर पहाटेच्या अंधारात बाईने काय गावे यावर कोणाचीच सत्ता चालत नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत नवऱ्याचा जाच, माहेराची ओढ, लेकराचा वियोग आणि पंढरीचा सखा हे विषय एकमेकांत इतके गुंफलेले आहेत, की कोणत्या ओवीतले दुःख विठ्ठलासाठी आणि कोणते दुसऱ्याच कोणासाठी, हे सांगता येत नाही. हे न सांगता येणे हाच त्या ओव्यांचा आसरा होता. अर्थात आसरा म्हणजे न्याय नव्हे. नाव न घेता रडण्याची सोय झाली म्हणून नाव घेऊन रडण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही.

हा हक्क मान्य व्हायला फार काळ लागला. समाज काही माणसांना शोकाचा अधिकारच देत नाही, आणि त्यामुळे वियोगाच्या दुःखावर एकाकीपणाचे दुसरे दुःख चढते, हा विचार शास्त्रीय स्वरूपात मांडला तो अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी, १९८९ मध्ये. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापाचे आधी समुपदेशन व्हावे, बालकल्याण समितीपुढे लेख व्हावा आणि त्यानंतरही फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असावी, असे ठरविले. जोतीरावांच्या जाहिरातीतील मूल न्यावे की ठेवावे या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत स्थान मिळायला सुमारे दीडशे वर्षे लागली. सक्तीच्या शोकाच्या बाजूनेही याच सोलापूर जिल्ह्यातून एक हालचाल झाली, ही समाधानाची गोष्ट होय. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी, आपल्या मागे पत्नीवर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारखे विधी लादले जाऊ नयेत, असे लिहून देऊन मोहीम चालविली. तिला प्रतिसाद म्हणून मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले.

या दोन सुधारणा एकमेकींपासून दूरच्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एक आहे. शोकाची सक्ती करणारा समाज आणि शोकाची मनाई करणारा समाज हा एकच समाज असतो. कारण दोन्ही वेळा तो दुःखी माणसाकडे न पाहता आपल्या नात्यांच्या वहीकडे पाहतो. वहीत नाव असेल तर डोळे कोरडे असले तरी रडलेच पाहिजे, नाव नसेल तर काळीज फाटले तरी गप्प राहिले पाहिजे. पंढरपूरच्या त्या घरात आलेल्या स्त्रिया या वहीच्या दोन्ही पानांवर भरडल्या गेल्या. आज केशवपन राहिले नाही, आलवण राहिले नाही. पण वही पुरती मिटली आहे, असे कोणी म्हणू नये. दिवस जाऊन पोटातच मूल गेलेल्या बाईला अजूनही दुसरे होईल म्हणून उठवून कामाला लावतात. अविवाहित मुलीने दत्तक संस्थेत ठेवलेल्या मुलाबद्दल घरातले पुन्हा चकार शब्द काढत नाहीत, आणि ज्याच्याशी नाते लोकांना मान्य नव्हते तो गेला तर त्याच्या माणसाला समाचाराला कोण जाते? तेराव्याच्या पंगतीत जागा नसलेली ही माणसे आपल्या आसपास आहेतच.

त्यांच्यासाठी नवे कर्मकांड शोधण्याची गरज नाही; आपल्या जुन्या रीतीतच त्यांच्या कामाचे पुष्कळ आहे. पिठलेभाताचे पातेले घेऊन जाण्यासाठी मृताचे आणि शोकाकुलाचे नाते तपासावे लागत नाही. समाचाराला जाऊन घटकाभर बसावे, मुलाला नाव दिले असेल तर ते विचारावे, नसेल तर तो दिवस लक्षात ठेवून पुढल्या वर्षी पुन्हा जावे. इतके केले तरी शोकाला साक्षीदार मिळतो. आणि इतिहास लिहिणाऱ्यांवर एक स्वतंत्र ऋण आहे. बालहत्या प्रतिबंधक गृहांचा गौरव करताना वाचलेल्या मुलांची संख्या आपण अभिमानाने देतो. त्या प्रत्येक संख्येपुढे एक आई धरून मोजण्याची शिस्त आपण लावून घेतली पाहिजे. जोतीरावांच्या हिशेबातील पाच मुले वाचली म्हणून ३५ स्त्रियांचा हिशेब पुरा होत नाही. लालशंकरांनी उघडलेल्या दारातून जितकी बालके आत गेली असतील, तितक्याच माता त्यांना मागे ठेवून चालत गेल्या; त्यांची नावे कळणार नाहीत, पण त्या शोक करण्यास पूर्ण अधिकारी होत्या, एवढे तरी या जिल्ह्याच्या इतिहासात स्वच्छ शब्दांत लिहिले गेले पाहिजे.